सैनिकाचे बचत खाते आणि त्यावरील दुसरे नाव

(भोपाळ येथील मराठी मंडळींच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

अध्यक्षमहाराज, सैन्यदलांत सेवा केलेले आणि अद्याप करीत असलेले माझे बंधू, व पुढील खुर्च्या रिकाम्या असतानाही मागील रांगांतच बसलेल्या भगिनींनो,

न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तेथून ही प्रथा जेथे जेथे मराठी माणूस पोटापाण्यासाठी गेला तेथे तेथे पोहोचली, हा इतिहास आपणांस अवगत आहे. त्यात मी वेळ घालवीत नाही. ज्या नगरीत सुदर्शन चक्र कोअरचे मुख्यालय आहे, जिच्या बैरागढात ईएमईचे प्रशिक्षण केंद्र आहे, जिच्यापासून दोनशे किलोमीटरच्या आत सागरला महार रेजिमेंटचे केंद्र आहे, आणि जिने अरेरा टेकडीवर शौर्य स्मारक उभारून हुतात्म्यांचे ऋण मान्य केले आहे, त्या नगरीत सैनिकाच्या मिळकतीची व्यवस्था हा विषय चालकांनी आवर्जून घेतला, याचे मला मनापासून समाधान वाटते.

फलकावर विषय लिहिला आहे, ‘सैनिकाने बचत खाते कसे निवडावे’. कोणती बँक किती व्याज देते याचा तक्ता मी वाचून दाखवावा, अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. तो भाग मी त्वरेने उरकतो, कारण त्यात सांगण्याजोगे थोडे आहे. बचत खात्यावरील व्याजाचा दर 25 ऑक्टोबर 2011 रोजी रिझर्व्ह बँकेने मुक्त केला. तोपर्यंत सर्व देशात एकच दर, चार टक्के, होता. आज मोठ्या सरकारी बँका अडीच टक्क्यांच्या आसपास देतात, टपाल कचेरी चार टक्के देते, आणि काही लहान बँका याहून अधिक देऊ करतात. समजा, खात्यात वर्षभर एक लाख रुपये राहिले आणि दर तीन टक्क्यांनी अधिक मिळाला, तर लाभ झाला वर्षाला तीन हजारांचा, म्हणजे महिन्याला अडीचशे रुपयांचा. तो टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. परंतु खाते निवडण्याची कसोटी म्हणून तो फार तोकडा आहे.

दुसरी गोष्ट सैनिकी पगार-खात्यांची. स्टेट बँकेचे डिफेन्स सॅलरी पॅकेज, पंजाब नॅशनल बँकेची रक्षक योजना आणि इतर बँकांच्या तत्सम योजना आपणांस ठाऊकच आहेत. किमान शिलकीची अट नाही, एटीएमवर सवलत आहे, आणि अपघाती मृत्यूचा विमा हप्ता न भरता मिळतो. या विम्याची रक्कम करारागणिक बदलते, म्हणून ऐकीव आकड्यावर न विसंबता आपल्या शाखेतून चालू वर्षाचे पत्रक मागून घ्यावे. मात्र तो विमा अपघाताचा आहे, आजारपणाने आलेल्या मृत्यूचा नव्हे. आणि सेवानिवृत्तीनंतर खाते निवृत्तिवेतनाच्या योजनेत वर्ग करून घेतले पाहिजे, ते आपोआप होईल या भरवशावर राहू नये.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. माझी सारी नोकरी छावणीलगतच्या शाखांच्या काउंटरवर गेली, आणि त्या अनुभवातून माझी अशी दृढ धारणा झाली आहे की सैनिकाच्या बचत खात्याच्या बाबतीत बँकेचे नाव दुय्यम, व्याज तिय्यम, आणि प्रथम महत्त्व आहे ते खात्यावरील दुसऱ्या नावाला. ज्या खात्यावर पत्नीचे नाव नाही, ते खाते कितीही सोयी देवो, विवाहित सैनिकाच्या कामाचे नाही.

हे नीट समजण्यासाठी शिपायाचा पगार पूर्वी त्याच्या घरी कसा पोहोचत असे, ते थोडे पाहू. आपण बसलो आहोत त्याच शहराच्या परिसरात 1737 च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावांनी निजामाला कोंडले. चिमाजीअप्पा तापीच्या बाजूस निजामपुत्र नासिरजंगाची वाट अडवून बसले, निजामाची रसद तुटली, आणि 1738 च्या जानेवारीत येथून जवळच दोराहे सराईत तह होऊन माळव्याचा सुभा, नर्मदा-चंबळेमधील मुलूख आणि युद्धखर्चाचे पन्नास लक्ष रुपये निजामाने कबूल केले. हा विजय आपण अभिमानाने सांगतो, सांगितलाच पाहिजे. परंतु त्या पन्नास लक्षांची निकड पेशव्यांना का होती, हे फारसे कोणी सांगत नाही. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. त्याला आगाऊ नालबंदी द्यावी लागे, मोहिमेत रोजमुरा द्यावा लागे, आणि हा पैसा दौलतीत नसे, तो सावकारांकडून येई. सावकारांच्या व शिलेदारांच्या पाया पडून पडून कपाळ झिजले, असे स्वतः बाजीरावांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना कळविले होते. ज्याच्या घोड्याच्या टापांनी दिल्ली हादरली, त्या पुरुषाने! त्याच्याही पूर्वी थोरल्या शिवाजीमहाराजांनी फौजेला वतने तोडून देण्याऐवजी रोख वेतन देण्याकडे कल ठेवला होता. ती शिस्त पुढे ढळली आणि पगाराची थकबाकी हा मराठी फौजेचा जुनाट रोग होऊन बसला. उत्तरकाळात थकलेल्या तनख्यासाठी पथकेच्या पथके आपल्याच सरदाराच्या दारी धरणे धरून बसत. या फौजेतला गडी मोहिमेवर असताना त्याची बायको कशावर जगत होती, याचा शोध दप्तरांतून घेण्याजोगा आहे. लढाईचे, लुटीचे, खंडणीचे कागद पुष्कळ सापडतात, आणि तिच्याविषयी...

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. पेशवाई येथेच सोडतो, जरी सोडवत नाही.

इंग्रजी अमदानीत पगाराला नियमितपणा आला. शिपायाच्या नावे वेतन-लेखा कार्यालयात खाते असे. महिन्याच्या पे परेडला तो नावनिशीवार पुकारल्यावर पुढे येई, अक्विटन्स रोलवर सही अथवा अंगठा करी आणि खर्चापुरती रोकड घेई. बाकीची रक्कम जमा राही, आणि त्यातला ठरावीक हिस्सा फॅमिली अलॉटमेंट म्हणून गावी मनिऑर्डरने जाई. ही पद्धत स्वराज्यातही दीर्घकाळ चालली. समोर बसलेल्या वयोवृद्ध सुभेदारसाहेबांनी ती परेड केलेली असेल. आता तिच्यात काय होते ते पाहा. टपाल खात्याने 1880 मध्ये मनिऑर्डरचे काम हाती घेतल्यापासून पोस्टमन दारात येई, पैसे पाठविणाऱ्याचे नाव वाचून दाखवी, आणि ज्या स्त्रीच्या नावे ती मनिऑर्डर असेल तिच्याच हातात मोजून नोटा देई. पुष्कळ घरी ती सासऱ्याच्या नावे असे, हे मी नाकारीत नाही. पण जेथे पत्नीच्या नावे असे, तेथे साताऱ्याकडील अपशिंग्यासारख्या शिपायांच्या गावी, महिन्यातून एकदा तरी, निरक्षर बाईच्या अंगठ्यावाचून पैसा घरात येऊ शकत नव्हता.

आज पगार थेट खात्यात जमा होतो. ही प्रगती आहे, आणि ती मागे फिरवावी असे मी म्हणत नाही. परंतु खाते एकट्या जवानाच्या नावे, कार्ड त्याच्या खिशात, आणि बँकेने नोंदविलेला भ्रमणध्वनी त्याच्याजवळ! तो सियाचीनच्या चौकीवर किंवा जेथे नेटवर्क पोहोचत नाही अशा जागी तैनात झाला, की बँकेचा ओटीपी जातो बर्फात आणि मुलाची फी भरायची असते भोपाळात. मग पत्नीला कार्डाचा गुप्त क्रमांक सांगितला जातो, जे बँकेच्या नियमाविरुद्ध आहे. किंवा दिराच्या खात्यावर रक्कम पाठविली जाते आणि तिने प्रत्येक वेळी मागावी लागते. त्या मनिऑर्डरीने जे दिले होते, ते या सोयीने काढून घेतले.

उपाय सोपा आहे. खाते संयुक्त करा, आणि व्यवहाराची रीत ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ ठेवा, म्हणजे दोघांपैकी कोणीही व्यवहार करील आणि मागे राहील त्यास रक्कम मिळेल. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ अशीही एक रीत आहे. तिच्यात पहिला खातेदार हयात असेतो दुसऱ्यास हात लावता येत नाही, म्हणून ती घेऊ नये. पत्नीचे स्वतंत्र कार्ड घ्या आणि तिचा स्वतःचा भ्रमणध्वनी नोंदवा.

(सभागृहातून आवाज: “मग आमची कँटीन बंद!” हशा.)

हसण्याचा आपणांस अधिकार आहे. पण पुढच्या रांगेतील सद्गृहस्थांनी जे हळू आवाजात म्हटले, तेही माझ्या कानी आले: याचा अर्थ तुमचा आमच्यावर विश्वास नाही काय? साहेब, ज्या माणसाने सीमेवर आपला जीव पहाऱ्याला ठेवला, त्याच्यावर अविश्वास दाखविण्याइतका मी कृतघ्न नाही. मी बोलतो ते आपल्या हेतूविषयी नव्हे, आपल्या अनुपस्थितीविषयी. अनुपस्थिती हाच आपला पेशा आहे. कारकुनाचा नाही, शिक्षकाचा नाही, आपलाच आहे.

निवृत्तीनंतर तर हे अधिकच लागू पडते. 2021 पासून ‘स्पर्श’ प्रणालीद्वारे निवृत्तिवेतन प्रयागराजच्या लेखा कार्यालयातून सरळ खात्यात येते. त्याआधी ते बँकांच्या केंद्रांतून आणि त्याही आधी जिल्ह्याच्या कोषागारातून येई. आता रिझर्व्ह बँकेची बँकांना स्पष्ट सूचना आहे की केंद्रीय निवृत्तिवेतनधारकाचे खाते पत्नीसह संयुक्त असेल आणि कुटुंब-निवृत्तिवेतनाच्या आदेशात तिचेच नाव असेल, तर त्याच्या पश्चात तिला नवे खाते उघडावयास भाग पाडू नये, त्याच खात्यात रक्कम जमा करावी. एकट्याचे खाते असेल, तर दुःखाच्या त्या दिवसांत तिला नव्या खात्याचे सोपस्कार करावे लागतात.

ते कसे होतात, ते मी पाहिले आहे. एका नाईकाची विधवा, मूळची वऱ्हाडातली, आमच्या काउंटरवर आली. तिच्याजवळ तीन कागद होते आणि तिन्हींवर नावे वेगळी. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव. आधारवर लग्नात बदललेले नाव. आणि पलटणीच्या अभिलेखात, पार्ट टू ऑर्डरमध्ये, कोणा लेखनिकाने ऐकून लिहिलेले तिसरेच, शेवटी ‘बाई’ लावलेले. आपल्या महाराष्ट्रात लग्नात मुलीचे नाव बदलण्याची हौस आहे. त्या हौसेची किंमत ती बाई मोजत होती. त्या नावांची स्त्री एकच आहे हे सिद्ध करण्यासाठी तिने प्रतिज्ञापत्र केले, सरपंचाचा दाखला आणला, अभिलेख कार्यालयास अर्ज केला, आणि त्या अवधीत पतीच्या खात्यातील पैसा, तिच्याच घरचा पैसा, तिला दिसत होता पण मिळत नव्हता. आमच्या शाखेने नियमाप्रमाणे काम केले. नियम मोडावा असे मी आजही म्हणणार नाही. संयुक्त खाते उघडताना हीच विसंगती उघडकीस आली असती, आणि तेव्हा ती दुरुस्त करावयास नवरा हयात होता! म्हणून मी आग्रहाने सांगतो, आज घरी गेल्यावर पत्नीचे आधार, पॅन आणि पार्ट टू ऑर्डरची प्रत शेजारी शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहा.

(सभागृहाच्या मागील बाजूने टाळ्या.)

चिठ्ठी आली आहे. उरलेले घाईनेच सांगावे लागेल. नामनिर्देशन अवश्य करा. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्यावर चार नावांपर्यंत नामनिर्देशन करता येते; पण नामनिर्देशित व्यक्ती विश्वस्त असते, मालक नव्हे, आणि नामनिर्देशन हे संयुक्त नावाला पर्याय नाही. बदलीच्या प्रत्येक ठिकाणी उघडलेली जुनी खाती मिटवा. दोन वर्षे व्यवहार न झाल्यास खाते निष्क्रिय होते, आणि दहा वर्षांनी त्यातील पैसा रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होतो. तो परत मागता येतो, पण ज्या वारसाला खात्याची खबरच नाही तो काय मागणार? निवृत्त सैनिकास ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पन्नाशीनंतरच प्रवेश मिळतो, मर्यादा 30 लाखांची आहे.

सुरक्षिततेविषयी एवढेच. 1960 साली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर 1 जानेवारी 1962 पासून ठेवींना विम्याचे कवच आले. तेव्हा मर्यादा 1,500 रुपये होती, 4 फेब्रुवारी 2020 पासून ती 5 लाख आहे. सहकारी बँकांनाही ती लागू आहे; पतसंस्थांना नाही. निवृत्तीची पुंजी घेऊन गल्लीतल्या पतसंस्थेत जाणाऱ्या माजी सैनिकांना मी हात जोडून थांबवतो.

डावीकडील गृहस्थांनी विचारले आहे, मुलगा अग्निवीर आहे, त्याच्याविषयी काय? चार वर्षांनी त्याच्या हाती सेवानिधीचे सुमारे 11 लाख 71 हजार रुपये येतात, म्हणजे विम्याच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक. एकाच बँकेत त्याच्या एकट्याच्या नावे ते ठेवू नका; संयुक्त खाते विम्याच्या हिशेबात निराळे धरले जाते, तेव्हा काही रक्कम त्याच्या नावे आणि काही संयुक्त ठेवता येईल. अग्निवीरास भरतीच्या वेळी अविवाहित असावे लागते, म्हणून दुसरे नाव आईचे घालावे. पुढे लग्न झाल्यावर पत्नीचे नाव जोडण्यास आईची संमती व सही लागेल. आपल्या घरी ती मिळेल असे मी धरून चालतो.

अर्जाचे नमुने बाहेर टेबलावर ठेवले आहेत. दोघांचे आधार, पॅन आणि छायाचित्रे घेऊन, व शक्य असल्यास दोघांनी मिळून, शाखेत जावे. अध्यक्षमहाराज, मी थांबतो.