मोटारीचा मूळ रंग

एखादी वस्तू जुनी झाली म्हणजे लोक तिचे वय विचारतात. ती फार जुनी आणि मौल्यवान झाली म्हणजे तिचे कूळ विचारू लागतात. मोटारगाडीच्या वाट्यालाही आता हे भाग्य आले आहे. साठ वर्षांपूर्वीची एखादी नामांकित स्पोर्ट्‌स मोटार विक्रीस निघाली की घेणारा तिच्या चॅसिसचा क्रमांक पाहतो, इंजिनाचा क्रमांक ताडून घेतो आणि शेवटी एक साधा वाटणारा प्रश्न विचारतो: कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी ही गाडी कोणत्या रंगाची होती?

प्रश्न ऐकावयास किरकोळ आहे. पण त्याच्या उत्तरावर पुष्कळ द्रव्य अवलंबून असते, आणि द्रव्याहूनही अधिक म्हणजे शब्दाची किंमत अवलंबून असते. ‘ही गाडी मूळची अशीच आहे’ असे सांगणे म्हणजे साक्ष देणेच होय. साक्ष म्हटली की पुरावा आला, आणि पुरावा म्हटला की तो कसा पारखावा हा विचारही ओघानेच आला. श्रोतेहो, या पारखण्याविषयीच आज मी आपणांशी बोलणार आहे.

उदाहरणासाठी इंग्लंडमधील जग्वार कंपनीची ‘ई-टाइप’ ही मोटार घेऊ. १९६१ च्या मार्च महिन्यात जिनिव्हा येथे ती प्रथम जगापुढे आली. त्या प्रसंगी ‘९६०० एच पी’ या नोंदणी क्रमांकाची बंद टपाची गाडी तेथे होती. तिचा रंग तोफेच्या धातूसारखा करडा, कंपनीच्या भाषेत ‘ओपलेसंट गनमेटल’. मागणी इतकी आली की, ‘७७ आर डब्ल्यू’ ही उघड्या टपाची दुसरी गाडी कंपनीचे चालक नॉर्मन ड्यूइस यांनी कव्हेंट्रीहून रातोरात हाकून जिनिव्हाला पोहोचवली. ती गडद हिरवी, म्हणजे ‘ब्रिटिश रेसिंग ग्रीन’ होती. पुढे १९७४ पर्यंत अशा सत्तर हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. अखेरच्या पन्नास गाड्यांपैकी एकोणपन्नास काळ्या होत्या आणि एक हिरवी.

या गाड्यांवर धातूची एक पट्टी असते. तिच्यावर चॅसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांचे क्रमांक असतात. रंग मात्र लिहिलेला नसतो. जर्मनीतील पोर्श कंपनीच्या ‘३५६’ या जुन्या मोटारीच्या दाराजवळच्या खांबावर रंगाचा क्रमांक कोरलेली चिमुकली पट्टी आढळते. तेथे काम सोपे वाटते. पण पट्टी म्हणजे चार बोटांचा पत्रा, आणि पत्रा बदलता येतो. म्हणून तेथेही कारखान्याच्या मूळ कार्डाशी ती ताडून पाहावी लागते. जग्वारच्या बाबतीत तर दप्तराचाच आश्रय घ्यावा लागतो.

सुदैवाने ते दप्तर शाबूत आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेला ‘जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट’ कारखान्याच्या नोंदी सांभाळतो आणि त्यांच्या आधारे दाखला देतो. गाडी केव्हा तयार झाली, केव्हा रवाना झाली, कोणत्या वितरकाकडे गेली, तिचा बाहेरचा रंग कोणता आणि आतील कातड्याचा कोणता, हे सारे त्या दाखल्यात असते. कागदपत्रांत ज्याचा जन्म गेला अशा माझ्यासारख्या माणसाला हा दाखला पाहून समाधान वाटते. परंतु कागदाची मर्यादाही आम्हा मंडळींनाच अधिक ठाऊक असते. सात-बाराच्या उताऱ्यावर ज्वारी असते आणि शेतात ऊस उभा असतो, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. उतारा खोटा नसतो. नोंदवहीत जे आहे तेच तो सांगतो. वहीत लिहिणाऱ्याचा हात चुकला असेल, किंवा नोंद झाल्यावर जमिनीवर काही वेगळे घडले असेल, तर त्याला उतारा काय करणार? गाडी पांढरी म्हणून रवाना झाली आणि पहिल्याच मालकाने ती लगोलग लाल रंगवून घेतली, तर ‘आमच्या वडिलांची गाडी पहिल्यापासून लालच होती’ असे सांगणारा मुलगा आणि ‘पांढरी’ असे सांगणारा दाखला हे दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात.

म्हणून कागदानंतर गाडीलाच विचारले पाहिजे. गाडीच्या बाहेरील पत्र्यावर पन्नास वर्षांत किती हात फिरले असतील याची गणती नसते. कित्येकदा नवा रंग देण्यापूर्वी जुना रंग पार पत्र्यापर्यंत खरवडून काढलेला असतो. पण खरवडणारा कारागीरही माणूसच असतो. जे कोणाला दिसणार नाही तेथे त्याचा हात थांबतो. दाराच्या आतील अस्तरामागे, गालिच्याखाली, डॅशबोर्डच्या पाठीमागे, बिजागऱ्यांच्या आणि धातूच्या पट्टीच्या खाली पहिल्या रंगाचे अवशेष टिकून राहतात. अशा जागी बारीक पॉलिश कागद पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासला, म्हणजे एकात एक अशी वर्तुळे उमटतात. दर दिवाळीला चुना दिलेल्या घराच्या भिंतीचा पोपडा निघावा आणि आजोबांच्या वेळची निळी भिंत आत दिसावी, तसाच हा प्रकार. पत्र्यालगतचे अस्तर आणि त्यावर लगेच बसलेला रंग हा पहिला. त्यावर पुन्हा अस्तर आणि पुन्हा रंग दिसला की तो दुसऱ्या पिढीचा समजावा.

येथेही सावधगिरी हवी. ई-टाइपचे पुढील लांबलचक बॉनेट हा एक अखंड सुटा भाग आहे. अपघातानंतर ते दुसऱ्या गाडीवरून काढून आणून बसवलेले असू शकते. बॉनेटखाली निळा रंग सापडला म्हणजे ते बॉनेट निळे होते एवढेच सिद्ध होते. दारांचीही तीच गोष्ट. मधल्या जोडलेल्या सांगाड्याच्या पत्र्यावर दोन-तीन निरनिराळ्या ठिकाणी एकच थर एकाच क्रमाने आढळला, तरच त्याच्या साक्षीला वजन येते.

याहून बारकाईने पाहावयाचे असेल तर प्रयोगशाळेची वाट धरावी लागते. रंगाचा मोहरीएवढा तुकडा राळेत बसवून, त्याचा छेद गुळगुळीत करून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जुन्या चित्रांचे जाणकार हीच पद्धत वापरतात. अवरक्त किरणांच्या साहाय्याने त्या थरातील बंधक द्रव्यही ओळखता येते. त्या काळच्या मोटारींवर सेल्युलोजचे लॅकर किंवा भट्टीत तापवून पक्के केलेले एनॅमल असे. दोन घटक मिसळून लावावयाचे पॉलियुरेथेन रंग दुरुस्तीच्या कामात नंतर रूढ झाले. १९६१ च्या गाडीचा सर्वांत खालचा थर पॉलियुरेथेनचा निघाला, तर तो कारखान्यातला नव्हे हे निश्चित. मात्र सेल्युलोजचा निघाला म्हणून तो कारखान्यातलाच असे मानू नये. रस्त्याकडेचा रंगारीही तेच वापरीत होता. पुरावा कधी एखादी गोष्ट सिद्ध करतो, तर कधी दुसरी एखादी अशक्य ठरवतो. या दोहोंतील भेद विसरणारा परीक्षक हमखास फसतो.

रंगाचे नाव कळले तरी छटा कळतेच असे नाही. दाखला ‘ओपलेसंट सिल्व्हर ब्लू’ एवढेच सांगतो. या जातीच्या रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण असतात. ते कसे बसले आहेत यावर चमक अवलंबून असते, आणि फवारणाऱ्याचा हात ओला की कोरडा यानेही छटा बदलते. बाहेरील रंग उन्हाने विटतो, अंधारातील कधी पिवळसर पडतो. जुनी छायाचित्रेही पुरतेपणी मदतीला येत नाहीत: कृष्णधवल चित्रात गडद लाल आणि गडद हिरवा दोन्ही सारखेच करडे दिसतात, आणि रंगीत छपाई काळाबरोबर स्वतःच रंग बदलते. म्हणून जपून ठेवलेले नमुनेपत्र, झाकलेल्या जागेतील अवशेष आणि उपकरणाने मोजलेले प्रकाशाचे परावर्तन ही तिन्ही एकत्र ठेवून निर्णय घ्यावा लागतो.

आता सर्वांत नाजूक प्रसंग. दाखला म्हणतो पांढरा. सांगाड्याचा पत्रा म्हणतो निळा. मग काय समजावे? नोंद चुकली, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ई-टाइपचा चॅसिस क्रमांक ज्या पुढील चौकटीवर ठोकलेला असतो ती बोल्टांनी जोडलेली असते, आणि मधल्या सांगाड्याचा बॉडी क्रमांक निराळा असतो. एका गाडीची चौकट दुसरीच्या सांगाड्याला जोडली, तर कागद एका गाडीचे आणि देह दुसरीचा, असे होऊ शकते. रंगातील विसंगती अशा वेळी रंगाविषयी बोलत नसते. ती ओळखीविषयी बोलत असते. म्हणूनच रंगाचा शोध हा शौकिनांचा केवळ छंद नव्हे. घेणाऱ्याची फसवणूक टाळणारी ती एक चौकी आहे.

आणि मूळ रंग सिद्ध झाल्यावर गाडी पुन्हा त्याच रंगाची केलीच पाहिजे काय? याचे उत्तर प्रयोगशाळा देत नाही. तीस वर्षे जिने लाल रंगात एका कुटुंबाची सेवा केली, तिचा लाल रंगही तिच्या इतिहासाचाच भाग आहे. मालकाला जो रंग रुचेल तो त्याने द्यावा. मात्र ‘मूळचा’ हा शब्द वापरताना त्याने जीभ आवरावी. मूळचा पांढरा, १९७० मध्ये लाल केला, असे सरळ सांगणाऱ्या मालकाच्या गाडीला कमीपणा येत नाही.

शेवटी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. प्रत्येक घासणीबरोबर पुरावा थोडा थोडा नाहीसा होतो; खरवडलेला रंग पुन्हा त्या जागी बसत नाही. म्हणून चांगला परीक्षक आपले काम झाल्यावर अस्तरामागचा एखादा वीतभर पत्रा हेतुतः तसाच राखतो, त्याचे छायाचित्र घेतो, तारीख घालून टिपण ठेवतो आणि त्यावर नवा रंग चढू देत नाही. उद्या आपल्याहून अधिक जाणता, अधिक चांगली साधने घेऊन येणारा कोणीतरी असेल. त्याने आपला निर्णय फिरवला तरी चालेल; पण तपासण्यासाठी त्याच्यापुढे काही उरले पाहिजे. जुन्या वस्तू ज्यांच्या हाती येतात त्यांच्यावर हे ऋण असते, मग ती वस्तू ताम्रपट असो, दप्तरखान्यातील रुमाल असो, की कव्हेंट्रीत घडलेली एखादी मोटारगाडी असो.