औषधाची नशा आणि घरातले मौन
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणगौरवाच्या समारंभात मृत्यूचा विषय काढणे शोभत नाही, याची मला कल्पना आहे. तथापि आपण बक्षीस समारंभाला जितक्या संख्येने येता तितके दुसऱ्या कोणत्याही सभेला येत नाही. म्हणून तो येथेच काढावा लागतो.

अठरा-वीस वर्षांचा मुलगा रात्री जेवून झोपतो आणि फजरला उठत नाही. जुहरनंतर जनाजा उठतो. बाहेर बसलेल्या माणसांत एकच वाक्य फिरत असते : ‘हार्ट फेल झाला.’ अशा घरी आपणही मातमपुर्सीला गेला असाल. त्या वयात हृदय असे कसे बंद पडले, हे कोणी विचारीत नाही. कारण निम्म्या मोहल्ल्याला खरे कारण ठाऊक असते, आणि ते न बोलणे हीच आईबापांवर केलेली मेहेरबानी समजली जाते. मी डॉक्टर आहे. ही मेहेरबानी किती महाग पडते, तेवढेच सांगण्यास मी उभा आहे.

त्या मुलाने दारूला स्पर्शही केलेला नसतो. मालेगावच्या गल्ल्यांत जिला ‘कुत्ता गोली’ म्हणतात ती म्हणजे अल्प्राझोलाम, घबराटीच्या आजारावरची गोळी. भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांत पोलिसांनी वेळोवेळी पकडलेल्या बाटल्या खोकल्याच्या औषधाच्या, कोडीन असलेल्या. वेदना थांबवणारे ट्रामाडोलही याच रांगेतले. बारा तासांची पाळी करून थकलेला पोरगा दोस्ताने दिली म्हणून पहिली गोळी घेतो. तोंडाला वास येत नाही, त्यामुळे घरात पत्ता लागत नाही. शिवाय ‘शराब थोडीच आहे, दवा आहे’ अशी मनाची समजूतही घालता येते. शराबची मनाई तिच्या वासाकरिता नाही, शुद्ध हरपते म्हणून आहे. पण ते मौलवीसाहेबांनी सांगितलेले बरे.

हे दुखणे केवळ आपल्या वस्तीचे आहे असे कोणी समजू नये. दिल्लीच्या एम्स संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत डॉक्टरच्या सल्ल्याविना गुंगीची औषधे घेणाऱ्यांचा अंदाज सुमारे १ कोटी १८ लाख दिला आहे. एवढी माणसे एका जातीधर्मात मावत नाहीत.

आता मृत्यू कसा येतो ते ऐका. खोकल्याच्या अशा औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये साधारण १० मिलिग्रॅम कोडीन असते. मोठ्या माणसाला एका वेळी एक-दोन चमचे पुरतात. १०० मिलिलिटरची बाटली एका दमात रिकामी करणारा मुलगा दहा ते वीस वेळचे औषध एकदम घेतो. यकृतात त्यातल्या काही भागाचे मॉर्फिन होते, आणि कोणाच्या शरीरात ते जास्त व झपाट्याने होईल हे बाहेरून ओळखता येत नाही. मॉर्फिन मेंदूतील श्वासाचे केंद्र मंदावते. त्यावर अल्प्राझोलाम पडली की तेच केंद्र दोन्ही बाजूंनी दाबले जाते. हृदय थांबते हे खरे, पण ते शेवटी थांबते. आधी श्वास जातो, आणि त्याला बहुधा काही तास लागतात.

त्या तासांत मुलगा घोरत असतो. नेहमी न घोरणारा मुलगा जोरजोराने, अडखळत घोरतो आणि घरचे म्हणतात, ‘थकला आहे, झोपू द्या.’ पालकहो, त्याला हलवून पाहा. हाका मारून, चिमटा काढून उठत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर ती झोप नव्हे. त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, श्वासावर नजर ठेवा. मिठाचे पाणी पाजू नका, ते फुप्फुसात जाते. उशाखालची रिकामी पाकिटे, बाटली बरोबर घ्या. बेशुद्ध मुलासाठी गाडी शोधायची सोडून पाकिटे गटारात टाकणारी घरे असतात. कोडीनवर इस्पितळात नॅलोक्सोनचे इंजेक्शन असते. त्याने अल्प्राझोलाम उतरत नाही. काय घेतले हे कळल्याशिवाय डॉक्टर अंधारात चाचपडतो.

कायद्याबद्दल थोडेसेच. २०१४ पासून ही औषधे ‘एच-१’ यादीत आहेत : चिठ्ठीशिवाय विक्री नाही, वेगळ्या नोंदवहीत डॉक्टर व रुग्ण यांचे नाव, ती वही तीन वर्षे जपायची. पानपट्टीमागे विकणारा मात्र वही ठेवीत नाही. पोलिसांच्या धास्तीने मुलाला लपवणाऱ्यांनी हेही जाणावे की, १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कलम ६४-अ आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, त्याच्याकडे थोडा माल सापडला असला तरी, खटल्यातून सूट मिळू शकते.

घरगुती इलाजांविषयी मात्र मला जरा कठोर बोलू द्या. ‘शादी करून द्या, सुधारेल’ हा सल्ला देणाऱ्यांनी त्या मुलीचा विचार केलेला नसतो. मुलाला खोलीत कोंडणे तर घातकच. महिनोन्‌महिने घेतलेली अल्प्राझोलाम एकाएकी तोडली तर फिट येते आणि फिटने माणूस दगावू शकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते. दोन महिने गावी मामाकडे ठेवून परत आणलेला मुलगा बरा दिसतो, वजन भरलेले असते, अम्मी शुक्राने अदा करते. पण शरीराची सवय मोडलेली असते. जुना दोस्त भेटतो, पूर्वीइतकीच बाटली आणि पूर्वीइतक्याच गोळ्या. पूर्वी पचलेल्या त्या आता पचत नाहीत. ज्या दिवसांत घरचे निर्धास्त होतात, त्याच दिवसांत जपायचे असते.

आणि ज्या घरातून जनाजा उठला आहे तेथे बहुधा एक धाकटा भाऊ असतो. चाळिसाव्यापर्यंत लोक वडिलांना भेटतात, आईजवळ बसतात. तो दारात उभा राहून पाण्याचे ग्लास फिरवतो. गोळ्या कोठून येत होत्या, किती येत होत्या, कोणाबरोबर, हे त्याला माहीत असते. ‘हार्ट फेल’ हे वाक्य त्यालाही पाठ करवलेले असते, म्हणून तो बोलत नाही. त्याला विचारा. रागाने नव्हे, पोलिसासारखे नव्हे. जवळ बसवून विचारा.

व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा फोन क्रमांक १४४४६ आहे, त्याला पैसे पडत नाहीत. आज कार्यक्रम संपल्यावर मी आठवीच्या वर्गात बसणार आहे. ज्यांना खाजगी बोलायचे असेल त्यांनी मागच्या जिन्याने यावे, तेथे गर्दी नसते.