घराचा कागद आपण वाचला आहे काय?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी शाळामास्तर. पैशाच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार थोडाच. परंतु २०२४ साली एक पालक बँकेचे पत्र घेऊन माझ्याकडे आले, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून जात नाही. २०२० साली त्यांनी २० वर्षांच्या मुदतीने घरासाठी कर्ज काढले होते. चार वर्षे एकही हप्ता चुकवला नाही. तरी पत्रात अजून सुमारे २४ वर्षे शिल्लक दाखवली होती! ते म्हणाले, "सर, मुलीचे कॉलेज थांबवतो. दुसरा इलाज दिसत नाही."

हे कसे घडले? रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला. त्यामागोमाग घरकर्जाचे व्याज वाढले. हप्ता तोच राहिला, म्हणून यांना काही कळले नाही. वाढली ती मुदत. आधीची पत्रे ट्रंकेत न वाचताच पडून होती.

मित्रहो, हे दुखणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, शेतसारा मात्र वाढला. आता सावकार नवे कर्ज देईना. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांचे. हेतू होता कुळाच्या रक्षणाचा, घडले उलटेच. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहिले जाई आणि शेतकरी खाली अंगठा उठवी. जुने कर्ज फेडण्यास नवे कर्ज! १८७४ साली शिरूर तालुक्यातील करडे गावात अवघ्या १५० रुपयांच्या कर्जापायी एका कुटुंबाचे घर पाडले गेले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि तो त्या काळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत तालुक्यांत पसरला. लोकांनी माणसे मारली नाहीत. त्यांनी खते आणि हुकूमनामे मागून घेतले व जाळले. जो कागद वाचता येत नव्हता, तो जाळण्यापलीकडे त्यांच्या हाती दुसरे काय होते?

पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. न्यायालयाने नुसत्या खतावर न विसंबता मूळ व्यवहार व हिशेब तपासावा, कुळाला पावती मिळावी, असे त्यात ठरले. म्हणजे उपाय निघाला तो हिशेबाचाच.

आता आजचे गणित पाहू. विद्यार्थ्यांनी वहीत मांडावे. २० लाख रुपये, ९ टक्के व्याज, २० वर्षे मुदत. हप्ता सुमारे १८,००० रुपये. पाच वर्षांत पावणेअकरा लाखांहून अधिक भरले, तरी मुद्दलातून फिटतात फक्त सव्वादोन लाखांच्या आसपास. बाकी १७ लाख ७४ हजार. एवढ्यात दुसरी बँक ८ टक्क्यांनी कर्ज वळवून घेण्यास तयार होते. मुदत उरलेली १५ वर्षेच ठेवली, तर हप्ता सुमारे १६,९५५ होतो आणि एकंदर १ लाख ८७ हजार वाचतात. पण पुन्हा २० वर्षे घेतली, तर हप्ता १४,८४० वर येतो, घरात आनंद होतो, आणि शेवटी सव्वातीन लाखांच्या आसपास जास्त भरावे लागतात. व्याज कमी झाले आणि देणे वाढले! शिवाय प्रक्रिया शुल्क, कागदांची तपासणी, मुद्रांक हा खर्च निराळा. म्हणून हप्ता किती हे विचारून थांबू नये. एकूण किती भरायचे, हे विचारावे.

मंदीत आणखी एक अडचण येते. नवी बँक घराची किंमत नव्याने करते. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते, त्यावरील कर्जाला त्याहूनही कमी. भाव उतरले असतील तर फरक खिशातून भरावा लागतो. २००७-०८ साली अमेरिकेत असंख्य कुटुंबे अशीच अडकली. पुढे कर्ज वळवून घेऊ, या भरवशावर त्यांनी कर्जे काढली होती. घराची किंमत कर्जाच्या खाली गेली आणि ते दार बंद झाले. कापसाच्या भावावर विसंबलेला आपला शेतकरी आणि घराच्या भावावर विसंबलेला तो अमेरिकन, दोघांची चूक एकच.

पालकांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजाच्या घरकर्जावर बँकेस मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार, दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे विचारणे बँकेवर बंधनकारक आहे. दर तीन महिन्यांनी मुद्दल, व्याज व उरलेले हप्ते दाखवणारे विवरणही मिळाले पाहिजे. हप्ते ९० दिवसांहून अधिक थकले, तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. नोटीस आली म्हणजे घर गेले, असे नव्हे. लेखी हरकत घेता येते आणि बँकेस १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. पतसंस्थांचे नियम मात्र वेगळे असतात. तेथे करारनामा अधिकच बारकाईने वाचावा.

व्याजाच्या जाइज-नाजाइजचा प्रश्न मोठा आहे; तो उलेमांना विचारावा, मास्तरांना नव्हे. पण एक गोष्ट आपण सारे जाणतो. कुरआन शरीफातील सर्वांत लांब आयत कर्जाच्या व्यवहाराविषयी आहे. देणेघेणे मुदतीसह लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार असावेत, अशी तिची शिकवण. मग ज्या कागदावर आपले छप्पर तारण आहे, तो न वाचता सही करणे आपल्याला कसे शोभेल?

त्या पालकांचे पुढे काय झाले? त्यांच्या मुलीनेच विवरण वाचले. बापलेकींनी लेखी अर्ज दिला आणि झेपेल तेवढा हप्ता वाढवला. २०२५ साली रेपो दर उतरू लागला, तेव्हा हप्ता कमी करून न घेता मुदत कमी करून घेतली. ओझे संपलेले नाही. पण ते किती आहे हे आता त्यांना ठाऊक आहे. मुलगी बी.एस्सी. करीत आहे.

ज्या मुलीचे शिक्षण बंद करून घर वाचवायचे होते, तिच्याच शिक्षणाने घराला आधार दिला. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर अब्बांना म्हणा, "कर्जाचा कागद काढा, आपण मिळून वाचू." १८७५ च्या शेतकऱ्याजवळ नव्हते ते तुमच्याजवळ आहे. त्याचा उपयोग करा.

खुदा हाफिज.