अंगावर काढलेला डोळा

(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



महासाथीच्या काळात बायकांच्या आरोग्याचं काय झालं, यावर मी बोलावं असं मला सांगण्यात आलं. बाळंतपणं, रक्तक्षय, बंद घरातली मारहाण यांवर आपल्यात पुष्कळ बोलणं झालेलं आहे. मी आज फक्त डोळ्याबद्दल बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या एका चुकीपासून करणार आहे.

एप्रिल २०२०. टाळेबंदीचा तिसरा आठवडा. एमएसडब्ल्यू करून मला सहा वर्षं झाली होती. त्या दिवसांत माझं काम म्हणजे कानाला फोन आणि हातात रेशनच्या किटांची यादी. एका गावातून एका बाईचा फोन आला, शेजारच्या मुलाच्या मोबाइलवरून. किटात तेल आलं नाही, सासूच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात, हे सगळं सांगून झालं आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "ताई, माझा डोळा लई लाल झालाय, उजेड सहन होईना." मी म्हटलं, "डोळे आले असतील. पाण्यानं धुवा, घरीच थांबा. आत्ता दवाखान्यात गर्दी नको." तेल आणि गोळ्या दुसऱ्या दिवशी पोचवल्या.

तिचे डोळे आलेले नव्हते. गव्हाची मळणी करताना कुसळ लागलं होतं. घरात आधी कुणीतरी डोळ्यात अंगावरचं दूध घातलं. मग नवऱ्यानं मेडिकलमधून थेंब आणले. दोन दिवस लाली उतरली, बरं वाटलं, आणि मग ठणका सुरू झाला. जिल्ह्याच्या दवाखान्यात ती पोचली तेराव्या दिवशी. तोवर बुबुळावरची जखम चिघळून आत बुरशी पसरली होती. आज त्या डोळ्यावर फूल आहे. त्या डोळ्यानं तिला फक्त उजेड आणि अंधार कळतो.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. मला तर तिच्या डोळ्यातलं कुसळही दिसलं नाही. मी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता : डोळ्याला काही लागलं होतं का? तो मी विचारला नाही, कारण तिनं डोळ्याचं सगळ्यात शेवटी सांगितलं होतं. शेवटी सांगितलं म्हणजे फार काही नसेल, असं मी धरून चालले. बायका स्वतःचं दुखणं नेहमी शेवटीच सांगतात, हे मी दहा शिबिरांत शिकवलेलं होतं!

नंतर मी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं, वाचलं. बुबुळ खरचटलं की जंतूंना दार उघडं होतं. मग हिशेब तासांचा असतो. नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात झालेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे बुबुळ खरचटलेल्या लोकांच्या डोळ्यात तीन दिवस जंतुनाशक मलम घातलं होतं. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्या २८४ जणांपैकी एकाच्याही बुबुळावर व्रण झाला नाही. २४ ते ४८ तासांनी आलेल्या ४९ जणांपैकी मात्र १४ जणांना झाला. आणि आमची बाई तेरा दिवसांनी पोचली. भारतात २०१५ ते २०१९ मध्ये राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, त्यातही पन्नाशीच्या आतल्या लोकांच्या अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण बुबुळाचं फूल हेच निघालं. म्हणजे हे कामाच्या वयातलं अंधत्व आहे, आणि त्यातलं बरंचसं टाळता येण्याजोगं आहे.

कुणी म्हणेल, टाळेबंदीच होती, ती बाई जाणार कशी? इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ या. २०२० मध्ये मोतीबिंदूची नेहमीची ऑपरेशनं थांबवली होती, चष्म्याची तपासणी थांबली होती. तातडीचे उपचार बंद नव्हते. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेनं तातडीचे रुग्ण कोणते आणि थांबू शकणारे कोणते, हे सांगितलेलं होतं. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारनं फोनवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियमही काढले होते. मग अडलं कुठे? एसटी बंद होती. नाक्यावर पोलीस होते. फोन नवऱ्याच्या किंवा पोराच्या खिशात होता. साठ किलोमीटरला खासगी गाडीचे पैसे नव्हते. दवाखान्यात गेलं तर कोरोना लागेल, ही भीती होती आणि ती खोटीही नव्हती. वुहानचे डॉ. ली वेनलियांग डोळ्यांचेच डॉक्टर होते. काचबिंदूच्या एका रुग्णाकडून त्यांना लागण झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते गेले.

पण या सगळ्याच्या आधी एक दार होतं आणि ते घरातलं होतं. ही तातडी आहे, असं कुणी म्हणायचं? नवऱ्यानं म्हटलं नाही, सासूनं नाही, तिनं स्वतः नाही, मीही नाही. ज्या सेवा फक्त 'तातडीच्या' माणसाला उघड्या असतात, तिथे जिला स्वतःचं दुखणं तातडीचं म्हणता येत नाही, ती बाहेरच राहते.

२०२१ मध्ये दुसरं चित्र पाहिलं. म्युकरमायकोसिसची साथ आली. कोरोना होऊन गेलेला, साखर वाढलेली, स्टेरॉइड घेतलेली माणसं. नोंदलेल्या रुग्णांत पुरुष जास्त होते. अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी बायका या दवाखान्यातून त्या दवाखान्यात चिठ्ठी घेऊन फिरल्या. आमच्या भागात एकीनं नवऱ्याचा डोळा वाचावा म्हणून एका रात्रीत मंगळसूत्र मोडलं. तिनं केलं ते योग्यच केलं. माझं म्हणणं इतकंच, की तीच बाई स्वतःच्या डोळ्यासाठी बसभाडंसुद्धा मागत नव्हती. जगात दृष्टी गमावलेल्या माणसांत सुमारे ५५ टक्के बायका आणि मुली आहेत. त्यामागे बायकांचं वाढतं आयुर्मान आहे, तशी ही सवयही आहे.

आता कामाचं बोलू. पुढची साथ कधी येईल ते आपल्या हातात नाही. पण दारं बंद झाली तरी कशासाठी निघायचंच, हे आजपासून पाठ करू या.

एक. डोळ्यात कुसळ, उसाचं पान, काडी, माती लागली आणि दुखतंय, पाणी येतंय, उजेड सोसत नाही : त्याच दिवशी दवाखाना. दूध, मध, तूप काही घालायचं नाही. चिठ्ठीशिवाय मेडिकलचे थेंब नाहीत. त्यात स्टेरॉइड असलं तर लाली जाते आणि आत बुरशी वाढते.

दोन. चुना, ब्लीचिंग, सॅनिटायझर, आम्ल डोळ्यात गेलं : कुणाची वाट न पाहता जागच्या जागी स्वच्छ पाण्यानं धुवायचं, किमान वीस मिनिटं, पापणी उघडी धरून. दवाखाना त्यानंतर लगेच. चुन्याच्या पुड्या पोरांच्या हाती लागतात, हे लक्षात ठेवा.

तीन. चाळिशी-पन्नाशीच्या बाईचा डोळा एकाएकी लाल, डोकं फुटेल असं दुखतंय, उलट्या, दिव्याभोवती रंगीत वलयं : हे पित्त किंवा अर्धशिशी म्हणून सोडू नका. काचबिंदूचा हा झटका बायकांना पुरुषांपेक्षा जास्त येतो आणि नजर काही तासांत, दिवसांत जाऊ शकते.

चार. नजर एकदम कमी झाली, डोळ्यापुढे पडदा आला, विजा चमकल्यासारखं दिसतंय. दुखत नसलं तरी निघायचं.

पाच. कमी दिवसांचं, दोन किलोच्या आतलं बाळ. त्याच्या डोळ्याचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासून घ्यायलाच हवा. बाहेरून डोळा छान दिसतो, म्हणून फसायला होतं. ओली बाळंतीण आहे, सव्वा महिना बाहेर पडायचं नाही, असं सांगून टाळेबंदी नसतानाही आपण ही तपासणी चुकवतो.

सहा. डोळ्यावर ठोसा बसला. ती म्हणेल, दार लागलं. तिला आधी दवाखान्यात न्या, बाकीचं नंतर विचारा. डोळ्याच्या आत रक्त साचलेलं असू शकतं. जखमी माणसाला आधी उपचार, पोलिसांचे कागद मागाहून, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यानुसार अशा बाईला दवाखान्यानं वैद्यकीय मदत द्यायचीच आहे. आणि डॉक्टरांनी केलेली नोंद पुढे तिच्या केसमध्ये कामी येते.

दवाखान्यात जाताना गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा. नाक्यावर अडवलं तर "डोळा जाईल, तातडी आहे" हे तीन वेळा मोठ्यानं म्हणा. हसू नका, याची आपण इथे तालीमही करणार आहोत. आपल्या बायकांना हे वाक्य स्वतःसाठी म्हणायची सवय नाही.

१८९७ च्या प्लेगमध्ये सरकारनं साथरोगाचा कायदा आणला. तोच कायदा २०२० मध्येही लावला गेला. त्याच प्लेगमध्ये, १० मार्च १८९७ ला, रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. आजारी माणसाला उचलून डॉक्टरपर्यंत पोचवणं हे काम त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतलं होतं. आपण त्यांचं नाव घेतो, तेव्हा एवढं तरी शिकू या, की पोचवणं हेही काम आहे आणि ते कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं.

त्या बाईकडे मी नंतर गेले. माझी चूक सांगितली. ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं ताई, मीच नीट बोलले न्हाई." मला ते ऐकवलं नाही. आजही ऐकवत नाही. पण ती आता आमच्या गटात आहे. फोनवर बायकांची चौकशी करायचं काम तिनं मागून घेतलंय. रेशनचं, पोरांचं, सासूचं सगळं ऐकून झाल्यावर ती फोन ठेवू देत नाही. विचारते, "आणि तुझं गं? तुझं काय दुखतंय ते आधी सांग."

माझी विनंती एवढीच आहे, की हा प्रश्न आपण सगळ्याजणींनी फोनच्या सुरुवातीलाच विचारायला शिकू या.