आमचे सर कुलगुरू झाले



इ.स. २००० मध्ये डॉ. भालचंद्र मुणगेकर सर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तेव्हा आम्ही त्यांचे माजी विद्यार्थी हरखून गेलो. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे ते पहिले दलित कुलगुरू!

सर अर्थशास्त्र शिकवीत. जमीन, मजुरी, कर्ज हे शब्द आम्ही घरी रोज ऐकलेले. पण तो अभ्यासाचा विषय असतो, हे वर्गात कळले. परमपूज्य बाबासाहेबही १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात हाच विषय शिकवू लागले. तिथे त्यांनी प्राध्यापकांच्या माठातले पाणी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. त्या माठापासून या खुर्चीपर्यंत यायला ८२ वर्षे लागली.

तेव्हा काही जण कुजबुजले, ‘जागा राखीव असेल.’ कुलगुरूपदाला आरक्षण नसते, हे त्या सुशिक्षितांना आम्हाला सांगावे लागले! आमच्यातल्या एकाच्या निरक्षर आईने मात्र एवढेच विचारले, ‘म्हंजे आता पोरांच्या पदवीच्या कागदावर तुमच्या सरांची सही असणार?’

होय, असणार होती.