वणव्यांत जळालेलीं घरें व आपली मदत
(नागपूर येथील वर्गणीदारांच्या सभेंत समितीच्या एका सभासदानें केलेलें भाषण)



समितीचा जमाखर्च चिटणीसांनीं आपणांपुढें मांडलाच आहे. तो पुन्हा वाचून मी आपला वेळ घेत नाहीं. वर्गणीसाठीं फिरत असतांना एका प्रतिष्ठित व्यापाऱ्यानें मला जो प्रश्न केला, त्याचें उत्तर देण्यापुरता मी उभा आहें. ते म्हणाले, "वकीलसाहेब, मोहफुलें वेंचणारे लोकच झाडाखालचा पाला पेटवितात व तीच आग त्यांच्या छपरावर येते. तिची भरपाई आम्हीं कां करावी?"

प्रश्न रास्त आहे. मोहाचें फूल पहांटे गळतें, वाळल्या पाल्यांत तें दिसत नाहीं, म्हणून पाला जाळतात. तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनहि जाळतात. १९२७ च्या वन अधिनियमाच्या २६ व्या कलमान्वयें राखीव जंगलांत आग लावणें गुन्हा आहे. ८ एप्रिल २०२१ रोजीं नागझिऱ्याच्या जंगलांत वणवा विझवितांना तीन हंगामी मजूर प्राणांस मुकले, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे.

परंतु मला एक कबुली द्यावयाची आहे. माझें आजोळ तेव्हांच्या भंडारा, आतांच्या गोंदिया जिल्ह्यांत, जंगलाला लागून होतें. १९७९ च्या सुमारास, मी आठ-नऊ वर्षांचा असतांना, आजोबांनीं धानाच्या बांध्यांचे धुरे जाळावयास लाविले. दुपारीं वारा फिरला. आग नाला ओलांडून गवतांत शिरली, बांबूंचीं पेरें बंदुकीच्या बारासारखीं फुटूं लागलीं, आणि दिवेलागणीच्या सुमारास तीच आग दुसऱ्या बाजूनें आमच्याच गोठ्यावर आली. तणसीचे ढीग, बियाण्याच्या ढोल्या, दावणीचे दोन बैल, सर्व गेलें. मजुरांच्या तीन झोपड्याहि गेल्या. गांवच्या गोंड मंडळींनीं ओल्या डहाळ्यांनीं झोडपून व पुढें आडवी पट्टी जाळून वणवा थोपविला, नाहीं तर गांवच उरता ना.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं लोक आले. कोणी पायलीभर धान, कोणी बांबू, कोणी नुसतें मडकें घेऊन. एकानें आपली नांगरणी आटोपतांच बैलजोडी आमच्याकडे पाठविली. ज्यांच्या झोपड्या जळाल्या होत्या तेहि आमच्या गोठ्याचें छप्पर शाकारावयास आले. आग कोणी लावली हें सर्वांस ठाऊक होतें. विचारलें कोणीहि नाहीं. आजोबा त्या दिवशीं ओट्यावर बसले नाहींत. मिळालेलें सर्व त्यांनीं वहींत टिपून दोन वर्षांत फेडलें. फक्त एका विधवेनें आपली पायली शेवटपर्यंत परत घेतली नाहीं. कारण विचारलें कीं ती हंसून दुसरी गोष्ट काढी.

त्या गांवानें आधीं चौकशी मांडली असती, तर आमचीं शेतें त्या सालीं पडीत राहिलीं असतीं. अधिनियमाचें ७९ वें कलम जंगलांत हक्क असणाऱ्यांवर आग विझविण्याचें कर्तव्य लादतें. दुसऱ्या दिवशींच्या चुलीविषयीं त्यांत अक्षर नाहीं.

पुन्हा आग लागूं नये ही चिंताहि योग्यच. चंद्रपूर जिल्ह्यांतील पाचगांवच्या ग्रामसभेनें झाडांची छाटणी व आग टाळण्यासाठीं तेंदूपानांचें उत्पन्नच सोडून दिलें. सर्वांस तें झेपणार नाहीं. परंतु मोहाखाली जाळी अंथरली कीं फूल जाळींत पडतें, पाला पेटविण्याचें कारण उरत नाहीं. म्हणून मदतीच्या धान्याबरोबर घरटी एक जाळी द्यावी, अशी माझी सूचना आहे. त्या व्यापारी गृहस्थांनीं तिचा खर्च उचलावा, अशी विनंतीहि मी त्यांना केली आहे. त्यांचें उत्तर अद्याप यावयाचें आहे.

बियाणें मृगापूर्वीं पोंचलें पाहिजे. नंतर पोंचलेलें बियाणें भुकेल्या घरांत शिजून जाईल. धान्याच्या व्यापाऱ्यांनीं रोकड न देतां धानच दिलें तरी चालेल. ज्या जमीनदारांस आठ दिवस बैलजोडी देणें शक्य आहे, त्यांनीं जातांना चिटणीसांकडे गांव व तारीख लिहून द्यावी. वही दाराशींच ठेविली आहे.