शिवायचं आणि परत यायचं

(उमरठ येथे तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगितलं, तरुणांना दिशा दाखवा. मी गोदीत माल उतरवणारा, मॅट्रिक झालेला माणूस. कविता लिहितो, पण माझ्या खिशात होकायंत्र नाही. एक खेळ मात्र मला बऱ्यापैकी येतो. हुतुतू. तुम्ही कबड्डी म्हणता. त्याबद्दलच बोलतो.

मी पहिल्यांदा खेळलो त्या गावाचं नाव घेत नाही. तिथं घराघरात आमचा कप वेगळा होता. संध्याकाळी मैदानावर मात्र त्याच घरातली पोरं माझी तंगडी धरून ओढायची, अंगावर पडायची. घामाला घाम लागायचा. खेळ सुटला की कप पुन्हा वेगळा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. विटाळ अंगात नसतो, नियमात असतो. आणि नियम माणसं करतात. म्हणजे माणसं मोडूही शकतात.

खेळ खरा शिकलो तो गोदीत, एका म्हाताऱ्या गड्याकडून. कित्येक दिवस त्यानं मला चढाईच करू दिली नाही. नुसता दम घुमवत मैदानाला फेऱ्या मारायला लावलं. म्हणाला, आधी दम, मग पाय, मग हात. तुझे हातच आधी पळतात.

आता नियम बघा. इकडं सात, तिकडं सात, मधे रेघ. जायचं एकट्यानं, एका दमात, तीस सेकंदांत. कुणाला न शिवता, निदान रेषाही न ओलांडता परत आलास, तर तूच बाद. रेघेपाशी मांड्या थोपटून नाचणाऱ्याला गुण नाही. आपले कित्येक पुढारी या एका नियमानं बाद होतील!

दुसरा नियम. शिवलंस, पण त्यांनी तिथंच दाबलं आणि दम गेला, तर शिवलेलं फुकट. परत रेघेला हात लागला पाहिजे. आणि तिसरा नियम मला सगळ्यात प्यारा. तू एकाला बाद केलंस की बाहेर बसलेला आपला एक गडी उठून आत येतो. याला संजीवनी म्हणतात.

आता महाड घ्या. पोलादपूरवरून सावित्रीसोबत खाली गेलं की महाड. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ साली पास झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर! मैदान आखलं, नियम छापला, पण पाण्याला हात लागला नव्हता. तो लागला २० मार्च १९२७ ला. बाबासाहेब गेले, ओंजळ भरली, मागून हजारोंनी भरली. मग आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. तळ्यात शेण-गोमूत्र ओतून ते ‘शुद्ध’ केलं गेलं. आपण घरी बसलो? त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथंच मनुस्मृती जाळली. कोर्टात लढलो. हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला तो १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं दम सोडला नाही. याला म्हणतात चढाई.

हे उमरठ तानाजी मालुसऱ्यांचं गाव. सिंहगडावर दोर कापल्याची गोष्ट इथल्या पोरापोराला पाठ आहे. परतीची वाट तोडली की माणूस लढतो, खरंय. पण आपले दोर शेकडो वर्षं दुसऱ्यांनीच कापले. म्हणून मी हुतुतूचा नियम धरतो. परत यायचं.

परत म्हणजे कुठं? पालवणकर बाळूचं बघा. जन्म १८७६, जात चांभार. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची कामं करणारा नोकर. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पण हिंदूंच्या संघातून खेळताना चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. कर्णधारपद त्याला मिळालं नाही. ते १९२३ साली त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळालं. बाळूनं शिवलं, विठ्ठल उठला.

आणि तोच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला. हरला. मी त्याला शिव्या देणार नाही. मातीच्या भांड्यातला चहा पिऊन ज्यानं खेळ केला, त्याला शिव्या देणारे आपण कोण? पण ध्यानात ठेवा. खेळ शिकणं वेगळं आणि आपली रेघ कुठली हे ओळखणं वेगळं. खेळ कुणीही शिकवील. रेघ आपली आपण ओळखायची.

तुम्ही मुंबईला जाल, पुण्याला जाल. जा. वकिली शिका, यंत्र शिका, कविता शिका, पण खोलवर जा. निदान रेषा ओलांडा. मुलींनो, तुम्हीही. तिथं खुर्ची मिळेल, चांगल्या कपात चहा मिळेल, आणि खांद्यावर हात ठेवून कुणी म्हणेल, तू त्यांच्यातला वाटतच नाहीस. समजा, पकड झाली! तिथं दम सोडू नका. वाडीत येऊनच राहा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या शिकण्यानं बाहेर बसलेला आपला एक तरी गडी उठला का, एवढं दरवर्षी मोजा. उठला असेल, तर दिशा बरोबर आहे.

जयभीम.